पाठकोऱ्या पानावरची खोली

शनिवारी चारनंतर साइटवरची ठोकाठोक मंदावली की वहिनी प्रिंटर सुरू करायची. पुढच्या तीन आठवड्यांचं कामाचं वेळापत्रक छापायचं, कात्रीने कडा सारख्या करायच्या, डिंक लावून जाड वहीत चिकटवायचं आणि खाली तारीख टाकून सही करायची. हे काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. साहेब गमतीने म्हणायचे, सगळं कॉम्प्युटरमध्ये असताना ही चिकटवाचिकटवी कशाला? ती म्हणायची, कॉम्प्युटर आज काय ते सांगतो. काल काय म्हणाला होता ते सांगत नाही. ते वही सांगते.

सगळी साइट तिला वहिनी म्हणायची, पण खरी वहिनी ती एकाचीच. तिचा धाकटा दीर याच साइटवर वायरमन होता. पहिल्याच दिवशी भर बैठकीत दार ढकलून तो म्हणाला होता, "वहिनी, डबा घरी विसरलीस." ते नाव मग गवंड्यांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी उचललं. ती लग्न होऊन आली तेव्हा भावजी चौदा वर्षांचे होते. घरात आई नव्हती. त्यांच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून तिचीच सही असायची. आता ते छत्तिशीला आले होते, लग्नाचा विषय निघाला की चपला घालून खाली उतरत होते, आणि जेवायला बरोबर वेळेवर वर येत होते. नवरा मालट्रकवर, महिन्यातले चार दिवस घरी. बाकी दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत ही दोघंच.

साइट म्हणजे एक बंद पडलेलं मोठं रुग्णालय. ते आतून उकलून नव्याने उभं करायचं काम चाललं होतं. माणसांना कामं वाटून देणं, म्हणजे कोण कुठे, किती दिवस, कुणामागून कोण, हे आधी वहिनीकडे होतं. आठ महिन्यांपूर्वी कंपनीने ते एका यंत्रणेकडे सोपवलं. ती हजेरी बघायची, प्रत्येकाच्या हाताचा वेग बघायची आणि आपलं आपण ठरवायची. पडद्यावर निर्णय यायचा. अर्ध्या तासात कुणी हरकत घेतली नाही की तो पक्का. नंतर बदलायचाच तर त्या माणसाच्या जागी दुसऱ्या माणसाचं नाव द्यावं लागे. नुसतं 'नको' म्हणायची सोय नव्हती. साइटवर या यंत्रणेला सगळे 'जावई' म्हणत. घरात आला, इकडची काडी तिकडे करत नाही, पण शब्द मात्र खाली पडू द्यायचा नाही.

आणि खोटं कशाला बोला, जावई हुशार होता. काम ठरल्यापेक्षा एकोणीस दिवस पुढे होतं. साहेब वरच्या लोकांसमोर मान ताठ करून बसू लागले होते. वहिनीला मात्र कधीच न चुकणाऱ्या माणसाचा भरवसा वाटत नसे, मग यंत्राचा कुठून वाटणार?

त्या शनिवारी कात्री चालवताना तिचा हात थांबला.

वायरमनांच्या पानावर भावजींची ओळ बुधवारपर्यंत हिरव्या चौकोनांनी भरलेली होती. गुरुवारपासून चौकोन राखाडी. पुढे तिन्ही आठवडे राखाडीच. राखाडी म्हणजे हा माणूस या कामांना मिळणार नाही. निर्णयाची वेळ बघितली तर आदल्या दिवशी दुपारी एक वाजून दहा मिनिटं. जेवणाची सुट्टी. ती डबा खात असताना हरकतीचा अर्धा तास येऊन निघूनही गेला होता.

पहिला संशय तिला भावजींचाच आला. दुसरीकडे नोकरी बघितली असेल आणि वहिनीला सांगायला जीभ उचलत नसेल. रात्रीच्या जेवणाला तिने आडून विचारलं, गुरुवारी कुठे जायचं ठरवलंय का?

"गुरुवारी?" भावजींचा घास तसाच राहिला. "मुलगी दाखवायची आहे की काय? मग मी आत्ताच पळतो."

बावीस वर्षं तो चेहरा ती वाचत आली होती. खोटं बोलताना भावजी नाक खाजवत. नाक स्वस्थ होतं.

मग संशय साहेबांवर गेला. कुणाला तरी चिकटवायचं असेल, म्हणून भावजींना गुपचूप काढत असतील. पण काढायचं तर साहेब सरळ तोंडावर काढत. त्यांना आडवळण जमत नसे.

रविवारी भावजी मित्रांकडे गेल्यावर तिने घरी आणलेली वही उघडली. राखाडी चौकोन आणखी कुणाच्या ओळीत आले होते का, एवढंच तिला बघायचं होतं. आठ महिन्यांची पानं उलटायला दोन तास लागले. राखाडी झालेली माणसं तीन निघाली.

पहिला सुतार. तो एका सोमवारपासून आलाच नाही. एकटा माणूस, लांबचा; लोक म्हणाले, गावी गेला असेल. मग गवंडी. त्याची बायको तिसऱ्या दिवशी फाटकावर आली होती; नवरा घरून कामालाच निघाला म्हणत होती. पोलीस येऊन गेले. फाटकावर अंगठा लावून आत आल्याची नोंद होती, बाहेर पडल्याची नव्हती. पण बाहेर पडताना अंगठा लावायचा कंटाळा सगळ्यांनाच, त्यामुळे ते तिथेच राहिलं. बाई जाताना फक्त एवढंच म्हणाली होती की त्याची थापीही घरी नाही. आणि तिसरा फरशीवाला, दीड महिन्यापूर्वीचा. तो जेवणाच्या सुट्टीत हात धुवायला म्हणून उठला होता.

कामावर माणसं येतात, जातात. तिघांची आठवण निघाली तीही 'बरा होता बिचारा' एवढ्यापुरती. पण वहीत वहिनीच्या सहीच्या वर स्पष्ट छापलेलं होतं. सुतार सोमवारी नाहीसा झाला. त्याचे चौकोन आदल्या शनिवारच्या पानावरच राखाडी होते. गवंड्याचे तसेच. फरशीवाल्याचेही. माणूस जायच्या आधीच जावयाला ते ठाऊक होतं.

तिने वही मिटली. मग तिला पाठकोऱ्या कागदांची आठवण झाली.

पश्चिमेकडच्या भागाची छपाई नेहमी चार पानं आणि एक ओळ अशी यायची. त्या एका ओळीसाठी पाचवं पान निघे. एका ओळीला वहीचं अख्खं पान कोण देणार, म्हणून ती ते पान चिकटवत नसे. पाठकोरं म्हणून घरी आणायची आणि मागच्या बाजूला वाणसामान, धोब्याकडचे कपडे, असलं काही लिहायची. ती चळत स्वयंपाकघराच्या खणात होती. तिने ती काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते कागद उलटे करून, म्हणजे खरं तर सुलटे करून, वाचले.

प्रत्येक पानावर एकच ओळ होती. खोली ११७.

जुन्या पानावर: खोली ११७, दाराची चौकट, सुतार. मग: खोली ११७, आतला गिलावा, गवंडी. मग: खोली ११७, फरशी, फरशीवाला. प्रत्येकापुढे टक्के वाढत गेलेले, शंभरपर्यंत. क्रम अगदी बरोबर. तिने स्वतः आखला असता तरी असाच आखला असता. आधी चौकट, मग गिलावा, मग फरशी. आणि कालच्या पानावर, ज्याच्या मागे तिने सकाळीच 'साबण, काडेपेटी, तांदूळ' लिहिलं होतं, तिथे होतं: खोली ११७, दिवे आणि बटणं, गुरुवारपासून. पुढे भावजींचं नाव.

पश्चिमेच्या भागातल्या खोल्या एकशे एक ते एकशे सोळा होत्या. नकाशा तिला पाठ होता. एकशे सतरा नव्हती.

सोमवारी एक वाजता भोंगा झाला. यंत्रं बंद पडली. ज्यांनी मोठ्या साइटवर काम केलंय त्यांना ही शांतता ठाऊक असते. रात्रीची शांतता वेगळी, ती हळूहळू येते. ही सुरी मारल्यासारखी येते. सगळी माणसं उन्हात डबे उघडून बसली होती. वहिनी एकटी पश्चिमेच्या बोळात शिरली.

दोन्ही बाजूंना दारं नसलेल्या खोल्या होत्या. भिंतींना कमरेपर्यंत रुग्णालयाचा जुना हिरवा तैलरंग, वर चुना. तिच्या चपलांचा आवाज पुढे जाऊन परत येत होता. एकशे पंधरा डावीकडे, एकशे सोळा उजवीकडे, आणि समोर भिंत. भिंत जुनी होती. रंगाला पोपडे आलेले, कोपऱ्यात जळमटं. म्हणजे इथे हात लागलेला नाही. तिला हायसं वाटलं.

मग वास आला. ओल्या सिमेंटचा, ताजा. पश्चिमेच्या भागात गेला महिनाभर सिमेंट कालवलं गेलं नव्हतं.

ती भिंतीजवळ गेली आणि तिने कान लावला. आत कुणीतरी फरशी तपासत होतं.

हा आवाज ओळखायला तिला क्षणही लागला नाही. फरशी बसवून झाली की फरशीवाला उकिडवा बसून प्रत्येक लादीवर बोटाच्या पेराने ठोकतो. कुठे पोकळ राहिलीय का बघतो आणि एक लादी पुढे सरकतो. टक टक. सरकण्याचा खसखस आवाज. टक टक. आवाज खूप लांबून येत होता. ती नकळत मोजू लागली. एका लादीला दोन फूट. दहा झाल्या, वीस झाल्या, आवाज जवळ येत होता. इतकी लांब खोली या रुग्णालयाच्या नकाशात नव्हती... एकतीस. बत्तीस. मग आवाज भिंतीच्या पलीकडे, तिच्या पावलांच्या समोर आला आणि थांबला. पुढची लादी म्हणजे ती उभी होती तीच.

ती पळाली नाही. मागे सरकत सरकत बोळाच्या तोंडाशी आली आणि वळसा घालून बाहेरच्या बाजूला गेली. त्या भिंतीच्या पलीकडे उघडं मैदान होतं. डेब्रिजचा ढीग, त्यावर एक कुत्रं झोपलेलं, आणि रखरखीत ऊन.

साहेबांना तिने आवाजाचं सांगितलं नाही. वेडी ठरण्याची तिची तयारी नव्हती. फक्त कागद पुढे ठेवले. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि टायपिंगची चूक असेल म्हणाले. ती म्हणाली, चूक शंभर टक्के पूर्ण कशी होईल? तेव्हा त्यांनी यंत्रणा देणाऱ्या कंपनीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडची मुलगी नम्र होती. ती म्हणाली, आमची यंत्रणा माणसं निवडते, जागा निर्माण करत नाही. जागा तुमच्याकडचंच कुणीतरी टाकतं. थोडा वेळ कळा दाबल्याचा आवाज आला.

"खोली एकशे सतरा नियोजक बाईंच्या लॉगिनवरून टाकलेली आहे. दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी."

नियोजक बाई म्हणजे वहिनीच. ती जेवायला जाताना संगणक बंद करत नसे, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. कुणीही येऊन टाकलं असेल. पण साहेबांनी फोन ठेवला आणि तिच्याकडे बघितलं, तेव्हा त्या नजरेत आजवर नव्हतं असं काहीतरी होतं.

"वहिनी, जावई आल्यापासून तुमचं काम हलकं झालं, हे तुम्हाला खुपतंय, ते मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण असले खेळ नकोत."

घरी जाताना ती स्वतःलाच तपासत होती. मी टाकली असेल का? सवयीने, दुसऱ्याच विचारात? आपण आपल्याला ओळखतो हेही माणूस गृहीतच धरून चालतो.

मंगळवारी तिने भावजींचं नाव काढायचा प्रयत्न केला. यंत्रणेने विचारलं: बदली व्यक्ती निवडा. खाली दोन नावं आली, साइटवरच्या उरलेल्या दोघा वायरमनांची. एकाच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई होती. दुसऱ्याला तीन आठवड्यांची मुलगी होती. त्याने साइटभर पेढे... नाही, पेढे आणायला जमलं नाही म्हणून प्रत्येकाला मुलीचा फोटो दाखवला होता. वहिनीचं बोट त्या पहिल्या नावावर किती वेळ होतं, हे तिने पुढे कुणालाही सांगितलं नाही. म्हाताऱ्या आईला अजून एक मुलगा आहे, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग ती उठली आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आली.

बुधवारी संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर तिला मार्ग सुचला. नियोजन करणारे सगळेच कधी ना कधी हे करतात. माणूस अजून मिळालेला नसतो, पण कागदावर जागा रिकामी ठेवता येत नाही. मग एक खोटा माणूस उभा करायचा आणि खरा मिळेपर्यंत त्याच्या नावावर काम टाकून ठेवायचं. जावई येण्याआधी तिने असे कितीतरी उभे केले होते. त्यांनी कधी कुणाचं वाईट केलं नव्हतं.

तिने नवीन कामगाराची नोंद उघडली. कुठलीही चौकट रिकामी सोडली की यंत्रणा पुढे जाऊ देत नव्हती. नाव, तिने सुचेल ते टाकलं. काम, वायरमन. वय, छत्तीस. पत्ता हवाच म्हणे. खोटा पत्ता लिहिला तर पिनकोड जुळेना, म्हणून तिने स्वतःच्या घराचा टाकला. जवळचे नातेवाईक कोण? तिने स्वतःला लिहिलं. नातं? वहिनी. शेवटी अंगठा. टेबलावरच्या यंत्रावर तिने आपलाच अंगठा दाबला. तिची स्वतःची नोंद त्याच अंगठ्यावर असताना यंत्रणेने तो परत घ्यायला नको होता. घेतला.

मग भावजींच्या जागी तिने तो माणूस दिला. एरवी अशा बदलीला जावई पाचेक मिनिटं घ्यायचा. या वेळी तिचं बोट कळीवरून उठायच्या आत उत्तर आलं. मान्य. भावजींचे राखाडी चौकोन एकामागून एक हिरवे झाले.

तरीही तिचा भरवसा नव्हता. गुरुवारी सकाळी तिने भावजींना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाली, माझं एक ऐका. दिवसभर घरातच बसा, आणि मी दर तासाला फोन करीन तो उचला.

"शाळा बुडवायची म्हटल्यावर पोटात दुखतं म्हणायचो, तेव्हा तू मला फरफटत नेलं होतंस," भावजी म्हणाले. "आज स्वतःच बुडवायला सांगतेस. दादाला कळवू का?" पण चपला त्यांनी काढून ठेवल्या.

आठ वाजून दोन मिनिटांनी तिच्या पडद्यावर हजेरी लागली. त्या माणसाची. फाटकावरच्या रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, तुमच्यानंतर कुणीच आलेलं नाही वहिनी, तुम्हीच शेवटच्या. आपलाच अंगठा दोन नावांवर लागला असणार, असं तिने मनाशी म्हटलं. म्हटलं आणि त्याला घट्ट धरून बसली.

नऊ वाजता खोली ११७ पुढे पाच टक्के. दहाला बारा. तिने दर तासाला फोन केला. भावजी उचलत होते, जांभया देत होते, टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला शिव्या घालत होते. साडेबारानंतर आवाज जरा तरतरीत वाटला. मागे काहीतरी ठोकल्याचा आवाज येत होता. ते म्हणाले, काम चाललंय. तिला वाटलं, शेजारच्यांचं. तिचं लक्ष त्या टक्क्यांवर होतं. एकोणपन्नास. पडद्यावरचा प्रत्येक आकडा तिला भावजींच्या अंगावरून ओवाळून टाकल्यासारखा वाटत होता. होऊ दे, कुणाचा कोण नसलेला माणूस आहे, त्याच्या हातून होऊन जाऊ दे.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी शंभर झाले. तिने भावजींना फोन केला. भावजी होते. जिवंत, भुकेलेले, चहाला थांबलेले. ती खुर्चीतच थोडी रडली, डोळे पुसले आणि त्या माणसाचं पान उघडलं. आता त्याला पुसून टाकायचं होतं. ओळीच्या शेवटी लिहिलं होतं: काम पूर्ण. कामगार सध्या नोंदलेल्या पत्त्यावर.

घरी पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. जिन्याच्या तीन मजल्यांत ती दोनदा थांबली. दार भावजींनीच उघडलं. हाताला चुन्याचे डाग, चेहरा खुशीत.

"आधी सांगायचं नाही का? एवढं गुपित कशाला ठेवलंस?"

"काय गुपित?"

"वायरमन पाठवलास तो. म्हणून मला घरी थांबवलंस ना? मला वाटलं, घरात एक वायरमन बसलेला असताना हिने दुसरा बोलावला, म्हणजे माझी लायकीच काढली." ते हसले. "पण हात काय आहे गं त्याचा. मी केलं असतं तसंच, अगदी माझ्यासारखीच वळणं देतो वायरला. बोलत नाही फारसा. वहिनींनी पाठवलंय, एवढंच म्हणाला. मी बॅटरी धरून उभा राहिलो. कुठेतरी बघितल्यासारखा वाटला, पण आठवेना."

वहिनीने पिशवी खाली ठेवली नाही.

"गेला का तो?"

"गेला की. म्हणजे..." भावजी थांबले. "मी चहा टाकायला आत गेलो, परत आलो तर नव्हता. दाराचा आवाज काही आला नाही बघ."

त्यांनी तिला बाहेरच्या खोलीत नेलं. पश्चिमेच्या भिंतीवर, जिथे कालपर्यंत नुसतं कॅलेंडर होतं, तिथे एक पांढरं शुभ्र बटण बसवलेलं होतं. एकच. भोवतीचा गिलावा ओला होता. त्या भिंतीच्या पलीकडे काही नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरची मोकळी हवा आणि खाली रस्ता. या बटणाचा दिवा कुठे आहे, हे भावजींनाही समजलेलं नव्हतं.

"लावून बघू," ते म्हणाले, आणि तिने नको म्हणायच्या आत बटण खाली केलं.

खोलीत काही लागलं नाही. भावजी छताकडे बघत होते. वहिनी खाली बघत होती. भिंत जिथे फरशीला टेकते तिथे, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दाराच्या फटीतून यावी तशी उजेडाची बारीक रेघ उमटली होती.

"अगं, हे बघ..." भावजींनाही ती दिसली. ते गुडघ्यावर बसले. भ्यायले नव्हते, अवघड जोडणी समोर आली की त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसाच झाला होता. "पलीकडे जागा आहे, वहिनी. आत कुठून जायचं ते शोधायला हवं."

तिने त्यांचं मनगट धरलं. चौदा वर्षांच्या पोराचं धरावं तसं, दोन्ही हातांनी, सगळा जीव एकवटून. दुसऱ्या हाताने त्यांनी बटण वर केलं. रेघ विझली नाही.

"उलटं जोडलंय वाटतं," भावजी म्हणाले. "सोड ना हात. एकदा बघू तर दे..."

ती सोडत नव्हती. आणि त्या रेघेवरून, आतल्या बाजूने, एक सावली या टोकाकडून त्या टोकाकडे सावकाश गेली, थांबली, आणि भावजी बसले होते तिथपर्यंत परत आली.